दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर : संगणकावरील मराठी फॉन्ट व कळफलक यांचा ऐतिहासिक आढावा

बीजशब्द : देवनागरी, फॉन्ट, कळफलक, इन्स्क्रिप्ट, इस्की, युनिकोड, मराठी संगणकलेखन

प्रस्तावना

मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा अभ्यास सामान्यतः शिळाप्रेसपासून सुरू होतो आणि खिळ्यांच्या छपाईपाशी येऊन थांबतो. त्यानंतरचा टप्पा, म्हणजे टेबलावरील संगणकाने घडवलेले परिवर्तन, तंत्रज्ञांचा विषय मानून इतिहासाच्या अभ्यासकांनी बहुधा बाजूस ठेवले आहे. वास्तविक १९९० ते २०१० या दोन दशकांत महाराष्ट्रातील महाविद्यालये, शासकीय कार्यालये, मुद्रणालये आणि वृत्तपत्रे यांच्या लेखनव्यवहारात जेवढा बदल झाला, तेवढा त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत क्वचितच झाला असेल. या बदलाचे स्वरूप मुख्यतः दोन साधनांच्या द्वारे समजून घेता येते : पडद्यावर व कागदावर अक्षराला रूप देणारा फॉन्ट आणि ते अक्षर संगणकात पोहोचवणारा कळफलक.

संगणक मूलतः रोमन लिपीसाठी घडवला गेला. त्यामुळे मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्या सोयीनुसार जुळवून घ्यावा लागला. फॉन्ट बसवणे, कळांना नवी कामे नेमून देणे, इंग्रजी व मराठी यांच्यात बदल करणारी शॉर्टकट कळ ठरवणे या क्रिया इंग्रजी वापरकर्त्यासाठी हौसेच्या होत्या. मराठी वापरकर्त्यासाठी त्या लेखनाच्या पूर्वअटी होत्या. प्रस्तुत निबंधात या जुळवाजुळवीचा इतिहास मांडला असून तिच्यातून निर्माण झालेल्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे. पडद्यावर दिसणारे अक्षर आणि संगणकात साठवलेले अक्षर ही एकच वस्तू नव्हे. हा भेद दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यामुळे एका संपूर्ण पिढीचे मराठी लेखन आज वाचनीयतेच्या सीमारेषेवर उभे आहे.

उद्दिष्टे

१) टंकलेखन यंत्रापासून युनिकोडपर्यंतच्या मराठी संगणकलेखनाचे टप्पे निश्चित करणे.
२) प्रत्येक टप्प्यात फॉन्ट व कळफलक यांविषयी झालेल्या निवडींची कारणे तपासणे.
३) या निवडींचे मराठी ग्रंथव्यवहार व संशोधन यांवर झालेले परिणाम स्पष्ट करणे.

टंकलेखन यंत्राचा वारसा

संगणकापूर्वी मराठी कार्यालयीन लेखन टंकलेखन यंत्रावर होत असे. त्यासाठी रेमिंग्टन या नावाने ओळखली जाणारी कळरचना रूढ झाली होती. मोजक्या कळांवर देवनागरीची सर्व व्यंजने, स्वरचिन्हे, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरांचे भाग बसवणे यंत्राला शक्य नव्हते. म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यात आले. ण, थ, भ यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत उमटवली जात. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली, तरी कागदावर ती डावीकडे दिसते. म्हणून यंत्रावर ती आधी टंकित करावी लागे. थोडक्यात, टंकलेखकाची बोटे उच्चाराच्या क्रमाने न चालता डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने चालत असत.

या पद्धतीत गैर काही नव्हते. यंत्राचे काम कागदावर शाई उमटवण्यापुरतेच होते. कागदावर 'कमल' हा शब्द नीट उमटला की यंत्राची जबाबदारी संपली. राज्यातील टंकलेखन संस्थांतून आणि शासकीय टंकलेखन परीक्षांतून ही रचना हजारो विद्यार्थ्यांच्या बोटांत रुजली, आणि त्यावर नोकऱ्या अवलंबून होत्या. पुढे संगणक आला तेव्हा हाच वर्ग त्याच्यासमोर प्रथम बसला. त्यामुळे यंत्र बदलले तरी लेखनाविषयीची धारणा बदलली नाही. जे दिसते तेच लेखन, ही धारणा टंकलेखन यंत्राकडून संगणकाला वारशाने मिळाली.

संकेतप्रणालीचे दशक

याच काळात देशातील काही संशोधकांनी वेगळ्या दिशेने विचार सुरू केला होता. संगणक अक्षर साठवत नाही, तो अंक साठवतो; तेव्हा प्रत्येक भारतीय वर्णाला एक निश्चित अंक द्यावा आणि त्याचे दृश्य रूप घडवण्याचे काम स्वतंत्र ठेवावे, असा तो विचार होता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८३ मध्ये यासंबंधीचे पहिले मानक प्रसृत केले. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट ही कळरचना मान्य झाली, १९८८ मध्ये संकेतप्रणाली सुधारण्यात आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'आयएस १३१९४' या क्रमांकाने तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. ही प्रणाली 'इस्की' या नावाने ओळखली जाते. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था समान असल्याने 'क' या वर्णाला देवनागरी, बंगाली, तेलुगू अशा सर्व लिप्यांत एकच संकेत देण्यात आला होता.

इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला येतात. इंग्रजी 'के'च्या कळीवर क आणि तीच कळ शिफ्टसह दाबल्यास ख; 'आय'च्या कळीवर ग आणि शिफ्टसह घ. हलन्ताची खूण 'डी'च्या कळीवर आहे. जोडाक्षर लिहिताना अर्धे अक्षर शोधावे लागत नाही. पहिले व्यंजन, हलन्त आणि दुसरे व्यंजन हा उच्चाराचाच क्रम पुरतो. वेलांटी व्यंजनानंतर येते. वर्णमालेची शास्त्रीय मांडणी ज्याला ठाऊक आहे, त्याला ही रचना अल्पावधीत आत्मसात होते.

या तत्त्वाला प्रत्यक्ष रूप देण्याचे कार्य आयआयटी कानपूर येथे सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ते विस्तारले. तेथे विकसित झालेले 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवल्यावर डॉस प्रणालीवरील वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजी आज्ञावलींत भारतीय लिप्यांतून काम करता येऊ लागले. या व्यवस्थेत मजकूर वर्णसंकेतांच्या रूपाने साठवला जात असे आणि अक्षराचे रूप कार्ड घडवत असे. दिसणारे अक्षर व साठवलेले अक्षर यांतील भेद येथे तत्त्वतः सुटला होता, ही बाब विशेष नमूद करण्याजोगी आहे.

फॉन्टयुग

सुटलेला प्रश्न पुन्हा निर्माण झाला तो विंडोजच्या आगमनाने. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर ट्रूटाइप फॉन्ट आले. कोणत्याही आकाराचे, पडद्यावर व छापील कागदावर सारखेच दिसणारे अक्षर आता केवळ एका धारिकेच्या साहाय्याने मिळू लागले. त्यासाठी वेगळे कार्ड लागत नव्हते. मात्र विंडोजला इस्की संकेत कळत नव्हते. यावर शोधलेला मार्ग सोपा होता : इंग्रजी अक्षरांच्या व इतर चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच राहतो. फॉन्ट बदलला की डोळ्यांना तो मराठी दिसतो.

या तत्त्वावर अनेक फॉन्टसंच निर्माण झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, बंगळूरुच्या सायबरस्केपचे आकृती, सी-डॅकचे आयएसएम व त्यातील योगेश, सुरेख इत्यादी फॉन्ट, सर्वत्र आढळणारा शिवाजी, तसेच हिंदी पट्ट्याबरोबर विदर्भातही वापरला गेलेला कृतिदेव, ही त्यांतील परिचित नावे होत. या फॉन्टांनी मराठी प्रकाशनाला दिलेले योगदान निर्विवाद आहे. पेजमेकरसारख्या आज्ञावलीच्या साहाय्याने छोट्या गावातील मुद्रकालाही सुबक मराठी मजकूर जुळवता येऊ लागला. दिवाळी अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ आणि महाविद्यालयांची नियतकालिके यांचे रूप पालटले. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयासारख्या संस्थांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या देवनागरी वळणांची आठवण देणारी अक्षरे घरच्या संगणकावर उपलब्ध झाली.

परंतु या सोयीची किंमत वेगळ्या स्वरूपात चुकवावी लागत होती. कृतिदेव फॉन्टमध्ये 'कमल' हा शब्द लिहिला, तर संगणकात प्रत्यक्षात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरे साठवली जातात. शब्दांची अकारविल्हे सूची करण्याची आज्ञा दिली, तर 'कमल' हा शब्द क च्या जागी न जाता डी च्या जागी जाऊन बसतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर तेथे तीन निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. शिवाय प्रत्येक निर्मात्याची अक्षरयोजना निराळी असल्याने एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेल्यास वाचता येत नव्हता. खिळ्यांच्या काळात एका मुद्रणालयाचे पुस्तक दुसऱ्या गावी वाचता येत नाही असे कधी घडले नव्हते. फॉन्टयुगात ते नित्याचे झाले.

जोडाक्षरांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. अशा फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा उपलब्ध असत आणि त्यांतील काही राखीव असत. देवनागरीतील सर्व जोडाक्षरांना तेवढ्या जागा अपुऱ्या पडत. म्हणून टंकलेखन यंत्राप्रमाणेच येथेही अक्षरांचे तुकडे करण्यात आले. संगणकाने यंत्राची मर्यादा ओलांडली असे वरकरणी वाटत असताना, प्रत्यक्षात तो यंत्राच्याच तर्काने चालत होता.

फॉन्टयुगातील कळफलक व शॉर्टकट

या काळातील टंकलेखकांची कार्यपद्धती स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. फॉन्टमधील अनेक आकार कळफलकावरील कोणत्याही कळीवर नसत. ते मिळवण्यासाठी ऑल्ट ही कळ दाबून धरून उजवीकडील अंकफलकावर चार अंकी संख्या टंकित करावी लागे. अशा संख्यांचा तक्ता संगणकाच्या शेजारी भिंतीवर चिकटवलेला असे. अनुभवी टंकलेखकाला तो मुखोद्गत असे आणि फॉन्ट बदलला की ते पाठांतर निरुपयोगी ठरे.

इंग्रजी व मराठी मिश्र मजकुरासाठी अन्य उपाय योजले गेले. वर्ड या आज्ञावलीत एखाद्या फॉन्टला स्वतःची शॉर्टकट कळ नेमून देण्याची सोय होती. एका कळसमूहाने मराठी फॉन्ट आणि दुसऱ्याने इंग्रजी फॉन्ट अशी योजना केली की, दर वेळी माउसने यादी उघडण्याचा त्रास वाचत असे. काही फॉन्टसंचांसोबत येणाऱ्या आज्ञावलीत कॅप्स लॉक किंवा स्क्रोल लॉकसारख्या अल्पवापरातील कळीला भाषा बदलण्याचे काम दिलेले असे. याच आज्ञावली रेमिंग्टन, इन्स्क्रिप्ट व उच्चारानुसारी अशा कळरचनांतून निवड करू देत. त्यामुळे जुन्या टंकलेखकाची सवय जपली गेली. पण प्रमाण कळफलकाकडे वळण्याचे कारणही उरले नाही.

वर्डच्या मूळ मांडणीतील काही स्वयंचलित सोयी मात्र मराठीला बाधक ठरत. इंग्रजी वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय हे त्याचे उत्तम उदाहरण होय. संगणकाला मजकूर इंग्रजी वाटत असल्याने तो परिच्छेदारंभीचा छोटा डी मोठा करीत असे. कृतिदेवमध्ये छोटा डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्. परिणामी 'कमल'चे 'क्मल' होत असे. ही सोय बंद करणे हे मराठी टंकलेखन शिकण्यातील पहिल्या पाठांपैकी एक होते. वापरकर्त्याचा दोष नसताना त्याच्या लेखनात चुका का होतात, याचे उत्तर साठवलेल्या अक्षरात दडलेले होते.

युनिकोड आणि 'मंगल'

जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेतप्रणाली असावी या हेतूने युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा विभाग राखण्यात आला आणि त्याची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारण्यात आली. भारतात झालेले संकेतप्रणालीचे काम अशा रीतीने आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग बनले. मात्र इस्कीत सर्व लिप्यांना समान संकेत होते, तर युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग दिला.

मानक तयार झाले तरी ते वापरण्याजोगे होण्यास आणखी नऊ वर्षे जावी लागली. केवळ वर्णांचे संकेत साठवल्यास त्यांपासून जोडाक्षरे, रफार व वेलांटी यांची योग्य रचना करणारी यंत्रणा संगणकात हवी. तशी यंत्रणा फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये उपलब्ध झाली आणि तिच्यासोबत 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. त्याचे अभिकल्पक प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) हे मराठीतील कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक होते. जगभरच्या संगणकांवर देवनागरीचे पहिले सार्वत्रिक रूप एका मराठी सुलेखनकाराच्या हातून उतरले, ही नोंद मराठी मुद्रणाच्या इतिहासात अवश्य व्हावयास हवी.

तथापि सामान्य वापरकर्त्यापर्यंत युनिकोड सहज पोहोचला नाही. बहुसंख्य कार्यालयांत विंडोज ९८ होते. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय होती, परंतु ती बंद अवस्थेत असे. नियंत्रण पटलातील प्रादेशिक व भाषिक पर्याय उघडून, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीची खूण करून आणि मूळ तबकडी संगणकात घालून ती सुरू करावी लागे. त्यानंतर मराठी कळफलक जोडावा लागे आणि डावी ऑल्ट व शिफ्ट या कळा एकत्र दाबून भाषा बदलावी लागे. ज्यांना ही माहिती नव्हती, त्यांच्या दृष्टीने संगणकात मराठी नव्हतीच. २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही खटपट संपली.

या काळात पुढाकार घेतला तो मुख्यतः हौशी लेखकांनी. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये 'मनोगत' हे युनिकोडवर आधारित संकेतस्थळ सुरू झाले. देशात व परदेशांत विखुरलेल्या मराठी लेखकांनी बरहासारख्या उच्चारानुसारी लेखनसाधनांचा आश्रय घेतला. रोमन अक्षरांत उच्चार टंकित केला की देवनागरी उमटते, ही पद्धत भाषाशास्त्रीय दृष्ट्या गौण मानली गेली, तरी इन्स्क्रिप्ट न शिकलेल्या पिढीला तिनेच मराठीकडे आणले, हे मान्य करावे लागते. ग्नोम व केडीई यांसारख्या मुक्त डेस्कटॉप प्रणालींवर तर कळफलकाची मांडणी साध्या मजकूर धारिकेत लिहिलेली असल्याने वापरकर्त्याला ती स्वतः बदलता येत होती.

मुद्रणव्यवसाय मात्र दीर्घकाळ युनिकोडबाहेर राहिला. याचे कारण अनास्था नव्हते. पेजमेकरच्या २००१ मधील अखेरच्या आवृत्तीपर्यंत युनिकोड देवनागरीची सोय आली नाही आणि इनडिझाइनमध्ये ती २०१२ च्या सुमारास अंगभूत झाली. त्यामुळे लेखकाने युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूरही मुद्रक जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करून घेत असे. अनेक महाविद्यालयीन नियतकालिकांनी निबंध विशिष्ट फॉन्टमध्येच पाठवण्याची अट घातली, तिचे मूळ येथे आहे.

मराठीची स्वतःची अक्षरे

देवनागरी ही मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी इत्यादी भाषांची सामायिक लिपी आहे. सामायिक मानकात मराठीच्या वैशिष्ट्यांना स्थान मिळवणे हा या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आहे. त्याची तीन उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण अर्ध्या र चे. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' या वाक्यांत अर्थाचा मोठा फरक आहे. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. हिंदीला या भेदाची गरज नसल्याने केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या साधनांत तो सुटण्याचा धोका होता. युनिकोडने त्यासाठी ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडण्याची व्यवस्था मान्य केली. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह 'जे'ची कळ दाबल्यास ऱ मिळतो, त्यापुढे हलन्त व य टंकित करता येतात. मात्र साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी दुसरी पद्धतही मान्य आहे.

दुसरे उदाहरण ॲ या स्वराचे. 'ॲडमिशन', 'ॲसिड' असे शब्द मराठीत अ वर चंद्र देऊन लिहिले जातात, तर हिंदीत ए वर चंद्र दिला जातो. आरंभीच्या युनिकोडमध्ये हिंदी रूपाला स्वतंत्र संकेत होता, मराठी रूपाला नव्हता. एप्रिल २००८ मधील युनिकोड ५.१ या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीची वर्णमाला अद्ययावत करताना ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले. त्याच वर्षी केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून स्वीकारले.

तिसरे उदाहरण ल आणि श यांच्या वळणाचे. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श रूढ आहेत. हिंदीत त्यांची वळणे निराळी आहेत. येथे संकेत एकच असून फरक केवळ रूपाचा आहे. मंगलमध्ये हिंदी वळण आल्याने अनेक मराठी वाचकांना युनिकोड परका वाटला. हा आक्षेप रास्त होता, पण तो फॉन्टविषयीचा होता, संकेतप्रणालीविषयीचा नव्हता. ओपनटाइप तंत्रात एकाच फॉन्टमध्ये भाषेनुसार अक्षराचे वेगळे रूप ठेवता येते. पुढील काळात मराठी वळणांचे मुक्त फॉन्ट उपलब्ध झाले. मुंबईच्या 'एक टाइप' या अभिकल्पकांच्या गटाचे मुक्त, बलू इत्यादी फॉन्ट सर्वांना विनामूल्य वापरता येतात.

या तीन उदाहरणांतून एक बाब लक्षात येते. दिसणे व असणे यांतील अंतर युनिकोडने पुष्कळ कमी केले, परंतु पूर्णतः मिटवले नाही. ॲ हे अक्षर नव्या संकेताने लिहिता येते, तसेच अ आणि चंद्र असे दोन संकेत जोडूनही तेच रूप पडद्यावर दिसते. डोळ्यांना एक असलेले हे दोन शब्द संगणकाला भिन्न वाटतात आणि शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटतो. 'ऱ्य'च्या दोन पद्धतींबाबतही असेच घडते. यांपैकी कोणता संकेत साठवला जाईल हे लेखकाने निवडलेल्या कळफलकावर अवलंबून असते. इन्स्क्रिप्टमध्ये नव्या वर्णांची भर घालणारे 'आयएस १६३५०' हे मानक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले; त्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानात घ्यावे लागेल.

रुपयाचे चिन्ह : एक लघुप्रसंग

वरील विवेचनाची प्रचीती २०१० मध्ये थोडक्या अवधीत आली. १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले. ते संगणकावर लिहिण्याची घाई सर्वांना झाली. काही दिवसांतच एका खासगी कंपनीने एक फॉन्ट विनामूल्य उपलब्ध करून दिला, ज्यात टॅबच्या वर असलेल्या कळीवरील उलट्या स्वल्पविरामसदृश चिन्हाच्या जागी रुपयाचे चिन्ह बसवले होते. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर चिन्ह उत्तम दिसे. इतरत्र त्या जागी मूळ चिन्हच प्रकट होई. ऑक्टोबर २०१० मधील युनिकोड ६.० मध्ये रुपयाला स्वतःचा संकेत मिळाला आणि हा प्रश्न मार्गी लागला. मराठी भाषेला जो प्रवास करण्यास दोन दशके लागली, तो एका चिन्हाने तीन महिन्यांत पूर्ण केला.

मागे राहिलेले लेखन

या इतिहासाचा सर्वांत गंभीर परिणाम संशोधनक्षेत्रात दिसतो. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठीतून लिहिले गेलेले एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध, चर्चासत्रांचे निबंध आणि संपादित ग्रंथ मोठ्या प्रमाणावर जुन्या फॉन्टांत टंकित झाले. त्यांच्या छापील प्रती ग्रंथालयांत आहेत, परंतु मूळ धारिका वाचण्यासाठी तोच फॉन्ट आणि पुष्कळदा तीच आज्ञावली लागते. काही व्यावसायिक संच संगणकाला जोडावयाच्या कुलूपवजा साधनाशिवाय चालत नसत. ते साधन हरवले की संच निरुपयोगी ठरे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या भांडारात प्रबंध जमा होऊ लागले. जुन्या फॉन्टमधून तयार झालेली पीडीएफ प्रत पडद्यावर निर्दोष दिसते. परंतु तिच्यात 'शाहू' किंवा 'सत्यशोधक' हा शब्द शोधल्यास तो सापडत नाही, कारण तेथे तो शब्द साठवलेलाच नाही. इंग्रजी प्रबंधातील एखादा संदर्भ क्षणात हाती येतो आणि मराठी प्रबंधातील संदर्भासाठी पान न् पान चाळावे लागते. मराठीतील संशोधन कमी उद्धृत होते अशी तक्रार केली जाते; तिच्या कारणांमध्ये या तांत्रिक कारणाचाही विचार व्हावयास हवा.

रूपांतर अशक्य नाही. प्रत्येक फॉन्टचा संकेततक्ता ठाऊक असेल, तर त्यातील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी आज्ञावली तयार करता येते आणि प्रमुख फॉन्टांसाठी तशी साधने उपलब्ध आहेत. तथापि मिश्र इंग्रजी मजकूर, तुकड्यांनी बनलेली जोडाक्षरे आणि रफाराचा उलटा क्रम यांमुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन अटळ ठरते. हे काम भाषेच्या जाणकारांनीच करावयाचे आहे. मूळ लेखक, टंकलेखक आणि त्यांच्या संग्रहातील फॉन्ट उपलब्ध आहेत तोवरच ते कमी श्रमांत होईल.

निष्कर्ष

१) मराठी संगणकलेखनाचा इतिहास सरळ प्रगतीचा नाही. संकेताधारित लेखनाचे तत्त्व १९८० च्या दशकातच सिद्ध झाले होते. मुद्रणाच्या तातडीच्या गरजेमुळे व विंडोजच्या मर्यादेमुळे १९९० च्या दशकात ते मागे पडले आणि युनिकोडच्या रूपाने पुन्हा प्रस्थापित झाले.
२) टंकलेखन यंत्रातून आलेली 'जे दिसते तेच लेखन' ही धारणा फॉन्टयुगाचा पाया होती. रेमिंग्टन कळरचना दीर्घकाळ टिकून राहण्यामागेही तीच धारणा व टंकलेखकांचे कौशल्य होते.
३) फॉन्ट आणि शॉर्टकट यांची जुळवाजुळव ही मराठी वापरकर्त्याची अपरिहार्यता होती. तिने तात्कालिक लेखन सुलभ केले, परंतु लेखन विशिष्ट संगणकाशी बांधले गेले.
४) ऱ्य, ॲ, ल व श यांची उदाहरणे दाखवतात की, सामायिक मानकात भाषेचे वैशिष्ट्य आपोआप जपले जात नाही, त्यासाठी त्या भाषेच्या जाणकारांचा सहभाग आवश्यक असतो.
५) १९९० ते २०१० या काळातील मराठी प्रबंध व नियतकालिके यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे महाविद्यालयीन ग्रंथालये व मराठी विभाग यांचे सामायिक कार्य मानले पाहिजे.

खिळ्यांनी छापलेले शंभर वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक आजही कोणत्याही साधनाशिवाय वाचता येते. वीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकित केलेल्या प्रबंधाविषयी असे निश्चितपणे म्हणता येत नाही. ज्या पिढीने हे लेखन केले, तिच्या हयातीतच ते सुरक्षित रूपात पुढे सोपवणे शक्य आहे, आणि त्याची सुरुवात प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या ग्रंथालयातील जुन्या तबकड्यांच्या कपाटापासून करता येईल.